आपल्या विमानांचे किट कोण काढणार?



दर नोव्हेंबरात इथे टेलफर्डला मॉडेलवाल्यांची मोठी जत्रा भरते, स्केल मॉडेलवर्ल्ड नावाची. आयपीएमएस या १९६३ साली स्थापन झालेल्या इथल्या संस्थेची ही जत्रा. विमानं, रणगाडे, जहाजं आणि ती करणारे बहुतांशी टक्कल पडलेले गोरे आजोबा. त्या गर्दीत आपल्याकडचे चार-दोन चेहरे हमखास भेटतात. चहाच्या रांगेत ओळख होते. "तुम्ही कुठले?" "पुणे. तुम्ही?" "डोंबिवली." एवढं होईपर्यंत चहा हातात येतो आणि पुढचं वाक्य ठरलेलं असतं: "आपल्या विमानांचे किट मात्र कुणी काढत नाही हो!"

हे वाक्य मी स्वतः पाच-सहा वर्षं मान हलवत म्हटलेलं आहे. आता म्हणत नाही. का, ते सांगायला हा पत्रप्रपंच. थोडा लांबेल, सांभाळून घ्या.

आधी तक्रारीत तथ्य किती ते बघू. भारतीय हवाई दलाचं विमान करायचं असेल तर खरं म्हणजे तोटा नाही. मिग-२१ डझनांनी मिळतात, हंटर मिळतं, कॅनबेरा मिळतं, नॅट मिळतं. कित्येक डब्यांत आपल्या तिरंगी चक्रांचे स्टिकरही असतात. अट एकच, विमान दुसऱ्या कुणीतरी डिझाइन केलेलं हवं. आपण डिझाइन केलेलं म्हटलं की पंचाईत. मारुत, किरण, एचटी-२ ही नावं एअरफिक्स, रेव्हेल, तामिया यांच्या यादीत मला तरी कधी दिसलेली नाहीत.

यामागे द्वेष वगैरे काही नाही, साधा हिशेब आहे. या कंपन्यांचे किट पोलादी साच्यात प्लास्टिक दाबून काढतात. साचा करायलाच एवढा पैसा लागतो की हजारो डबे खपल्याशिवाय तो निघत नाही. स्पिटफायरचे डबे खपतात. एचटी-२चे किती खपतील? मी दोन घेईन. तुम्ही? (खरं सांगा.)

पण गंमत अशी, की हाच हिशेब इंग्रजांच्या स्वतःच्या विमानांनाही लागू होता. ज्या विमानांनी युद्ध जिंकलं नाही, ज्यांच्यावर सिनेमे निघाले नाहीत, अशी त्यांची शेकडो विमानं मोठ्या कंपन्यांनी कधी हातात धरली नाहीत. मग इथल्या लोकांनी काय केलं? काहींनी घरामागच्या शेडमध्ये लाकडाचे साचे कोरले, वर प्लास्टिकचा पत्रा तापवून टाकला, खालून हवा ओढली आणि निघालेला माल पिशवीत भरून टपालाने विकला. एकदोन माणसांच्या कंपन्या. इथे रेअरप्लेन्स, कॉन्ट्रेल, जर्मनीत एअरमॉडेल, अमेरिकेत एक्झिक्युफॉर्म. यालाच व्हॅकफॉर्म म्हणतात. यांतल्या बऱ्याच आता बंद झाल्या, पण त्यांच्या पिशव्या अजून टेलफर्डच्या जुन्या मालाच्या टेबलांखाली, खोक्यांत, तळाला सापडतात.

मला तिथेच सापडली. पर्सिव्हल प्रेंटिस, १:७२. माझ्यापेक्षा वयाने मोठा किट, किंमत दहा पाउंड. प्रेंटिस म्हणजे ब्रिटिश हवाई दलाचं १९४७चं शिकाऊ विमान. दिसायला बेंगरूळ, पंखांची टोकं वर मुडपलेली. मी ते घेतलं ते केवळ एका कारणाने: एचएएलने बंगलोरला परवान्यावर साठेक प्रेंटिस बनवली होती.

व्हॅकफॉर्मची पिशवी न पाहिलेल्यांसाठी सांगतो. नेहमीच्या किटमध्ये भाग एका सांगाड्याला लटकलेले असतात, तोडायचे आणि चिकटवायचे. इथे पिशवीतून निघतात दोन-तीन पांढरे पत्रे आणि त्यांवर उठावाने आलेले विमानाचे अवयव. औषधाच्या गोळ्यांची पट्टी डोळ्यांसमोर आणा (तंत्रही तेच आहे). गोळ्यांना बाजूला ठेवा, ती वरची फुगलेली टरफलं म्हणजे तुमचं विमान. सोबत टाइप केलेला एक कागद. माझ्या कागदावर शांतपणे लिहिलं होतं की चाकं, पंखा आणि आतल्या खुर्च्या आपल्या भंगारपेटीतून घ्याव्यात. आणि भंगारपेटी नसलेल्यांनी?

भाग पत्र्यातून सोडवणं हेच खरं काम. आधी प्रत्येक भागाच्या मुळाशी, भाग जिथे पत्र्याला मिळतो तिथे, टोकदार पेन्सिलने रेघ ओढायची. मग त्या रेघेवर ब्लेडने तिरकी चीर द्यायची. पूर्ण कापायचं नाही, नुसती चीर, मग पत्रा वाकवला की भाग कट्कन सुटतो. आता हातात विमानाचं अर्धं धड आहे, पण त्याच्या कडेला पत्र्याची जाडी चिकटलेली आहे. तेवढी जाडी घासून घालवायची. जुन्या फोटोफ्रेमची काच घ्यायची (टेबलावर भरवसा ठेवू नका, टेबलं सपाट नसतात), तिच्यावर वॉटरपेपर चिकटवायचा, पाणी शिंपडायचं आणि घासत बसायचं. पेन्सिलीची रेघ दिसेनाशी झाली की थांबायचं. एक घासाही जास्त नाही.

कमी घासलं तर विमान लठ्ठ, जास्त घासलं तर रोड. दोन्ही अर्ध्या भागांत अर्धा-अर्धा मिलिमीटर चुकलात की एक मिलिमीटर झाला, म्हणजे खऱ्या विमानात सात सेंटिमीटरहून जास्त. पंखांचं तर विचारू नका. वरचा पापुद्रा आणि खालचा पापुद्रा मागच्या कडेला जिथे भेटतात तिथे खऱ्या विमानाची धार सुरीसारखी असते. ती धार आणायला दोन्ही पापुद्रे आतून घासत घासत पारदर्शक होईपर्यंत आणावे लागतात. त्यापुढचा घासा म्हणजे भोक.

मी इंजिनिअर आहे, म्हणजे तशी डिग्री आहे. पहिल्या वर्षाच्या वर्कशॉपमध्ये फाइलिंगचा जॉब होता, तो मी दीडशे रुपये देऊन बाहेरून करून आणला होता. त्या दीडशे रुपयांचा हिशेब रेडिंगमधल्या माझ्या डायनिंग टेबलावर चुकता झाला. प्रेंटिसचं पहिलं अर्धं धड नाकाकडे बारीक आणि शेपटीकडे जाड, असं पाचरीसारखं तयार झालं. दोन अर्धी जोडून उजेडात धरली तर मधून पलीकडची भिंत दिसत होती.

नेमके तेव्हा सासू-सासरे सहा महिन्यांसाठी आले होते. सासरे, म्हणजे आमचे नाना, ओझरला एचएएलच्या टूलरूममध्ये फिटर होते. सगळं आयुष्य तिथेच गेलं. जानेवारीत इथे चारलाच अंधारतं, टीव्हीवरच्या मालिका सासूबाईंच्या ताब्यात, माणसाने करायचं काय? एका रात्री ते पाणी प्यायला उठले आणि माझ्या मागे येऊन उभे राहिले.

"काय घासताय?"

"विमान आहे नाना."

"विमान असं घासतात होय?"

त्यांनी ते धड हातात घेतलं, चष्मा कपाळावर चढवला, कडेवरून एक डोळा मिटून पाहिलं आणि पेन्सिल मागितली. सगळ्या कडेला शिसं फासलं. काचेवर दोनच घासे मारले आणि उलटं करून मला दाखवलं. नाकाकडचं शिसं गेलेलं, शेपटीकडचं जसंच्या तसं.

"तुमचा अंगठा इथे दाबतोय. शिसं जिथून गेलं तिथून माल जातोय. पुढे-मागे घासू नका, आठचा आकडा काढा. इंग्रजी आठ हां, आपला नव्हे. आणि दहा घासे झाले की भाग फिरवायचा. हात कुणाचाही तिरका असतोच, तो दोन्हीकडे सारखा वाटून द्यायचा."

कुठल्याही यूट्यूबवर मला हे असं कुणी सांगितलं नव्हतं. दुसरं अर्धं धड त्यांनी स्वतः केलं, चाळीस मिनिटांत. मग आम्ही दोघांनी मिळून माझं पाचरीचं अर्धं वाचवलं: नाकाकडे प्लास्टिकची पातळ पट्टी चिकटवून जाडी परत वाढवली, पुन्हा घासलं, आतून जोडावर उरलेल्या पत्र्याचे छोटे तुकडे टेकूसारखे लावले, फटीत लांबी भरली. (पुटीला आपल्याकडचे रंगारी लांबी म्हणतात हा शब्द मी पंधरा वर्षांनी ऐकला.) प्रेंटिस पूर्ण व्हायला तीन महिने लागले. फार सुंदर झालंय असं नाही. पण ते केल्यानंतर डब्यातलं तयार विमान जोडणं मला जिगसॉ सोडवल्यासारखं वाटायला लागलं, हे खरं.

त्या काळात नानांनी विचारलं होतं, "हे प्रेंटिस इंग्रजांचं. ह्याच्यानंतर घाटग्यांचं आलं ना? ते करा की."

आता खरं सांगतो, मला तेव्हा घाटगे माहीत नव्हते. तुमच्यापैकी कितीजणांना माहीत आहेत? डॉ. विष्णू माधव घाटगे, जन्म १९०८, कोल्हापूरकडचे. जर्मनीत गटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली डॉक्टरेट. ज्यांनी मेकॅनिकल केलंय त्यांनी फ्लुइड मेकॅनिक्सच्या पेपरात 'बाउंडरी लेयर' या टीपेवर पाच मार्क मिळवले असतील, ते प्रांटल हेच. घाटगे परत आले, बंगलोरच्या इन्स्टिट्यूटमध्ये शिकवलं, मग हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये विमानं डिझाइन केली. त्यांच्या एचटी-२ने ऑगस्ट १९५१मध्ये पहिलं उड्डाण केलं. पुढे-मागे बसायच्या दोन जागा, १५५ अश्वशक्तीचं सिरस मेजर इंजिन, साधं आणि दणकट. दीडशेहून जास्त बनली आणि आपल्या वैमानिकांच्या कित्येक पिढ्या त्यावर उडायला शिकल्या. घानाचं हवाई दल नव्याने उभं राहिलं तेव्हा त्यांनीही एचटी-२ घेतली होती. पुढे १९६४मध्ये उडालेलं किरण हे जेट, तेही त्यांच्याच हाताखाली डिझाइन झालेलं.

नानांचं म्हणणं सरळ होतं. "आम्ही मिग जोडले. नकाशे रशियाचे, माप रशियाचं, आम्ही बिनचूक जोडले. ते घाटग्यांचं मात्र आपलं होतं." सप्टेंबर २०२५मध्ये मिग-२१ला हवाई दलाने निरोप दिला तेव्हा त्यांनी पूर्ण समारंभ टीव्हीपुढे बसून पाहिला. मी फोन केला तर म्हणाले, "चांगलं झालं. किट भरपूर आहेत ना त्याचे?" टोमणा पोचला.

त्याआधी रेझिनबद्दल थोडं, कारण मारुतची गोष्ट त्यात आहे. रेझिनचा किट म्हणजे ओतकाम. मूळ नमुन्यावर सिलिकॉन रबराचा साचा करतात, त्यात दोन द्रव मिसळून ओततात, काही मिनिटांत दगडासारखं घट्ट. यात बारीक काम फार सुरेख उतरतं, व्हॅकफॉर्मच्या दहापट. पण रबराचा साचा पंचवीस-तीस ओतकामांत फाटायला लागतो. त्यामुळे हे किट थोडे निघतात आणि संपतात. दिसला आणि "पुढच्या वर्षी घेऊ" म्हटलं की गेला. हाँगकाँगची अनिग्रँड, चेक मंडळींची सीएमआर, असे काही धीराचे लोक सोडले तर बाकी सगळे येऊन-जाऊन.

माझ्या हाती लागलेला मारुत असाच कुणीतरी गॅरेजमध्ये ओतलेला. डबा उघडला तर एक पंख पापडासारखा वाकडा. गरम पाण्यात बुडवून, सपाट काचेवर दाबून गार होऊ दिला की सरळ होतो. ओतण्याच्या जागी राहिलेला ठोकळा बारीक करवतीने कापायचा. इथे मात्र मास्क लावा आणि ओलंच घासा, कारण रेझिनची धूळ फुफ्फुसाला वाईट. प्लास्टिकचा सिमेंट याला चालत नाही, कारण तो प्लास्टिक विरघळवून सांधतो आणि रेझिन विरघळत नाही. फेव्हिक्विक किंवा अॅराल्डाइट. फेव्हिक्विकने एकदा धरलं की दुसरी संधी नाही, त्यामुळे माझ्या मारुतची एक चाकाची खोबण जरा तिरकी आहे. ती भिंतीकडे करून ठेवलेली आहे.

मारुतची माहिती बऱ्याचजणांना असेल. फॉक-वुल्फचे कुर्ट टांक इथे येऊन राहिले, १७ जून १९६१ला पहिलं उड्डाण, एकूण १४७ बनली, १९७१च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर लढली. हवं होतं तसं इंजिन शेवटपर्यंत मिळालं नाही म्हणून अपेक्षेएवढा वेग आला नाही. पण मला आवडणारी गोष्ट वेगळी आहे. खरं विमान बनवण्याआधी त्यांनी पूर्ण आकाराचं लाकडी ग्लायडर केलं आणि १९५९मध्ये डकोटाच्या मागे बांधून उडवून पाहिलं. म्हणजे मारुतचं पहिलं मॉडेल १:१ मापाचं होतं!

असो. एचटी-२कडे येतो.

किट शोधला, मला मिळाला नाही. तेव्हा लक्षात आलं की तक्रार करायचा माझा हक्क संपलाय. व्हॅकफॉर्मला पोलाद लागत नाही, कारखाना लागत नाही. लाकूड, स्वयंपाकघरातला ग्रिल आणि व्हॅक्यूम क्लीनर लागतो, आणि हे तिन्ही आमच्या घरात आहे. लाकडाला जेलुटाँग वापरतात, रेषा नसलेलं मऊ लाकूड, इथे कोरीवकामवाल्यांकडे मिळतं. एक पेटी करायची, वरच्या फळीला भोकं पाडायची, बाजूने क्लीनरची नळी आत. साचा फळीवर. प्लास्टिकचा पत्रा लाकडी चौकटीत घट्ट बसवून ग्रिलखाली. पत्रा आधी लहरी खातो, मग अचानक ताठ होतो, मग मधून झोळीसारखा लोंबायला लागतो. लोंबला की लगेच उचलायचा, साच्यावर दाबायचा आणि क्लीनर सुरू. दोन सेकंदांत विमान! पहिल्यांदा ते होताना पाहिलं तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटाच टाळ्या वाजवत होतो. (दोन दिवस पोळ्यांना प्लास्टिकचा वास येतो अशी तक्रार होती. मला आला नाही. तरी आता ते काम एका जुन्या छोट्या ओव्हनवर गॅरेजमध्ये चालतं.)

पहिलं विमान जाड झालं. सगळीकडून. तासभर डोकं खाजवल्यावर कळलं: पत्रा साच्याच्या बाहेरून बसतो, म्हणजे पत्र्याची जाडी विमानात मिळवली जाते. साचा तेवढा बारीक हवा. आमच्या धंद्यात याला ऑफ बाय वन एरर म्हणतात आणि ज्युनियरने केली की आपण हसतो. दुसऱ्या वेळी मुळाशी पत्रा काटकोनात न बसता गोलाई घेऊन बसला, कारण साचा खालून चार-पाच मिलिमीटर उंचावलेला हवा होता. तिसऱ्या वेळी भाग नीट आला.

पण नीट म्हणजे काय? इथे माझं गाडं खरं अडलं. पंखांचा विस्तार १०.७२ मीटर, लांबी ७.५३ मीटर, म्हणजे माझ्या मापात १४९ आणि साधारण १०५ मिलिमीटर. हे कुठेही मिळतं. पण पुढच्या कॉकपिटपाशी धड किती रुंद? इंजिनाचं झाकण खाली किती उतरतं? काच कुठून सुरू होते? हाताशी टपाल तिकिटाएवढा एक नकाशा आणि काही फोटो, सगळे समोरून तिरके काढलेले. बाकी सगळं मी अंदाजाने कोरलं होतं. नीट आलेला भाग हा माझ्या अंदाजाचा नीट आलेला भाग होता.

इंग्रजांच्या शेडमधल्या त्या माणसांकडे काय होतं ते मला इथे कळलं. लाकूड आणि पत्रा आपल्याकडेही आहे. त्यांच्याकडे माप होतं. कुठलंही भंगार विमान कुठल्याही शेतात पडलेलं असो, कुणीतरी टेप घेऊन जाऊन, चिखलात बसून, वहीत आकडे लिहून आणलेले असतात. टेलफर्डला एकेका विमानाला वाहिलेले गट असतात. त्यांच्यापुढे जाऊन अमुक दरवाजाची कडी कुठल्या बाजूला म्हणून विचारा, ते वाद घालतील पण उत्तर देतील. आपल्याकडे विमानाचा फोटो म्हणजे विमानापुढे उभा केलेला भाचा.

यावर परवा एका मित्राचं म्हणणं पडलं की व्हॅकफॉर्म वगैरे आता आजोबांचं तंत्र झालं, थ्री-डी प्रिंटर घे. त्याचं अर्धं बरोबर आहे. व्हॅकफॉर्म मरतंय, आणि कॉकपिटच्या पातळ पारदर्शक काचा सोडल्या तर त्यासाठी मी रडणार नाही. कंबर दुखते हो. पण प्रिंटरलाही फाइल लागते आणि फाइलला माप. उलट भीती अशी वाटते की कुणीतरी अंदाजपंचे एचटी-२ची फाइल करून चढवेल, ती दिसायला इतकी गुळगुळीत असेल की कुणी शंका घेणार नाही, आणि जगभर तीच छापली जाईल. हाताने कोरलेल्या चुकीला निदान चुकीचा चेहरा असतो.

तेव्हा माझं मत असं आहे, पटलं तर बघा. किट कोण काढणार हा प्रश्न आपण चुकीच्या पत्त्यावर पाठवतोय. एअरफिक्सला पत्र लिहू नका. डिसेंबरात घरी जाल तेव्हा एक दुपार काढा. बंगळुरूच्या एचएएलच्या संग्रहालयात एचटी-२ आहे. तिथल्याच विश्वेश्वरय्या संग्रहालयापाशी आणि मुंबईत वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरच्या आवारात मारुत आहे. वरळीचा पाऊस काय असतो ते मी तुम्हाला सांगायला नको. (हवाई तळावर कॅमेरा काढा असं मी म्हणत नाहीये. कृपया. संग्रहालयं म्हणतोय.)

फोटो काढताना जवळ जाऊन फोनच्या रुंद लेन्सने काढू नका, नाक फुगतं आणि शेपटी आटते. जमेल तेवढं लांब, बरोबर काटकोनात उभं राहा आणि झूम करा. बाजूने, समोरून, मागून. फ्रेममध्ये ठरावीक लांबीची एखादी वस्तू हवी, आणि ती विमानाच्या पुढे नको, जो भाग मोजायचा त्याच्या शेजारी, त्याच अंतरावर हवी. हात लावायला मनाई असेल तर लावू नका, नुसती शेजारी धरली तरी पुरतं.

हे सगळं मी नानांना फोनवर सांगितलं होतं, कारण ते धाकट्या मेहुण्याकडे बंगळुरूला जाणार होते. त्यांनी एक मीटरची लाकडी पट्टी घेतली आणि दर दहा सेंटिमीटरला काळा-पांढरा पट्टा रंगवला. पट्ट्यांच्या कडांना टेप लावून रंगवला असणार, एकही रेघ फुटलेली नाही. संग्रहालयात सुरक्षारक्षकाने हटकलं तेव्हा त्यांनी निवृत्तीचं ओळखपत्र काढून दाखवलं. मग तो रक्षकच पट्टीचं दुसरं टोक धरायला लागला. एक्केचाळीस फोटो आले. निम्म्यांत नाना पट्टी धरून अर्धे चौकटीत, अर्धे बाहेर, आणि कॅमेऱ्याकडे कुठेही बघत नाहीयेत. पट्टीकडे बघतायत.

माझ्या साच्यावर पुढचं कॉकपिट दोन मिलिमीटर पुढे होतं. नाक जास्तच टोकदार. काच तर सगळीच चुकलेली. तीन महिन्यांचं लाकूड कचऱ्यात गेलं. नवीन कोरायला घेतलंय, धडाचं डावं अर्धं झालं, उजवं निम्मं.

गेल्या रविवारी दोन्ही व्हिडिओवर नानांना दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, फोन अगदी डोळ्याला लावला. बराच वेळ मला नुसता त्यांचा कान दिसत होता. मग म्हणाले, "डावीकडे अजून थोडं आहे."

त्यांची डावीकडे की माझी, हे विचारायच्या आत सासूबाईंनी फोन घेतला.

चूभूद्याघ्या.